आपल्याच अंगाचं

"पोट कापून छाती करतले? असला कायतरी कधी कोणी आयकला हा काय गो?"

आदोळीच्या पात्यावर सुरण चिरता चिरता मालतीने हात थांबवून विचारलं. चवथीचा दुसरा दिवस होता. बाहेरच्या खोलीत गणपतीवर रानफळांची माटोळी बांधलेली, फळांचा आणि अगरबत्तीचा वास सगळ्या घरात भरलेला. आमोण्याच्या या घरात दर चवथीला चोपड्याहून माहेरपणाला येणारी मालती कालच आली होती, आणि आज सकाळी तिच्या भाचीच्या तोंडून नको ते निघून गेलं होतं. "चवथ झाल्यावर आईचं ऑपरेशन," एवढंच ऋतिका बोलली. मग जीभ चावली. पण आत्याने ते सोडलं नाही.

ऋतिकाच्या आईने, सुविधाने, नारळाची कवड खाली ठेवली आणि हात पुसले. कधीतरी हे सांगायचं होतंच. चवथ उलटल्यावर सांगू असं तिने ठरवलं होतं.

"छाती करत नाहीत, ताई. पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलतात. ती छातीवर बसवतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. दुर्बिणीखाली. केसाएवढ्या टाक्यांनी."

"आणि ता थंय जगला नाय तर?"

"तर काढून टाकतात. तसं फार थोड्या जणींचं होतं. पण होऊ शकतं, डॉक्टरांनी ते लपवलेलं नाही."

"सकाळपासून सांजेपर्यंत बेशुद्ध पडान रवतलस? धडधाकट पोट कापून घेतलस?" मालतीने आईकडे पाहिलं. तिच्याकडे पाठ करून चुलीवर खोबरं भाजणाऱ्या गंगाबाईंनी उलथनं फिरवत ठेवलं. "ह्या वयात तुका कोणाक दाखवचा आसा, सुविधा?"

"मला," सुविधा म्हणाली. "रोज न्हाणीत मीच असते ना."

मालतीने चिरलेल्या फोडी पाण्यात टाकल्या.

दोन वर्षांपूर्वी सुविधाचा डावा स्तन काढला तेव्हा हेच स्वयंपाकघर महिनाभर मालतीने सांभाळलं होतं. केमोच्या दिवसांत तिच्यासाठी वेगळी पेज शिजवली होती, गळलेल्या केसांनी भरलेली उशी स्वतः उन्हात नेऊन झटकली होती. सुविधा ते विसरली नव्हती. म्हणूनच तिला आवाज चढवायचा नव्हता.

पण त्या आजारपणानंतर काय झालं ते मालतीने पाहिलं नव्हतं. साखळी गावातल्या शाळेत सुविधा खेळ शिकवायची. मुलींचा खो-खोचा संघ तिने उभा केलेला. शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा मैदानात गेली ती काचोळीत कापडी पॅड घालून. एकदा मुलींना सूर मारून दाखवताना पॅड सरकून गळ्यापाशी आलं. तिला कळलंच नाही. ती शिट्टी वाजवत राहिली आणि मुली एकेक करून मान खाली घालत गेल्या. त्यानंतर ती मैदानाच्या कडेला उभी राहून तोंडानेच शिकवू लागली. ओढणी पिनांनी घट्ट करून. वाकायचं म्हटलं की आधी हात छातीवर जायचा. शाळेतून घरी आल्यावर खांदे दुखायचे, कारण दिवसभर ती एका बाजूला कलून चालायची.

तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. एका तपासणीच्या वेळी फक्त डॉ. केरकरांना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "दुसरा मार्ग आहे. किरणांचा शेक घेतलेल्या कातडीखाली बाहेरून आणलेली सिलिकॉनची पिशवी नीट राहत नाही. पण तुमचंच पोट तुम्हाला देऊ शकेल. घाई नाही. विचार करा." सुविधाने वर्षभर विचार केला होता.

"बरा, करायचा तर कर," मालती आवाज उतरवून म्हणाली. "पण ऋतिकाचा साखरपुडा होऊ दी. लग्न होऊ दी. मगे काय ता कर."

"लग्नाचा काय संबंध?"

मालतीने पुन्हा सुरण पात्यावर धरला. "आज दुपारी प्रज्योतचे आवस-बापूस दर्शनाक येतत. तेच्या आवशीक, जानकीवैनीक, मी सांगलंय, तुका साधी गाठ होती, काढली, संपला. आता पुन्यांदा इस्पितळात गेलस तर ती विचारतली, साध्या गाठीक कित्याक एवढा?"

सुविधाने ऋतिकाकडे पाहिलं. ऋतिका पाण्याच्या तांब्याकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"आत्या म्हणाली, नंतर सांगू," ऋतिका पुटपुटली.

*

ऋतिका मागच्या दारी येऊन उभी राहिली. कुळागराच्या वाटेवर पोफळींच्या झावळ्या पडल्या होत्या. आई मागून येईल हे तिला माहीत होतं, आणि येऊ नये असंही वाटत होतं. ती तेवीस वर्षांची होती, डिचोलीच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. आजार म्हणजे लाज नव्हे, हे तिने स्वतः मैत्रिणींना किती वेळा सांगितलं होतं. आणि आत्याने खोटं सांगितलं तेव्हा ती गप्प बसली होती.

सुविधा आली. ओरडली नाही, तेच जास्त वाईट.

"प्रज्योतलाही हेच सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही." ऋतिका वळली. "आई, मला त्यांची भीती नाही गं. म्हणजे आहे, थोडी. पण ते कारण नाही."

"मग?"

"मागच्या वेळी तू आत होतीस. तुला औषध दिलं, तू झोपलीस, उठलीस. मी बाहेर बसले होते. दार उघडायचं, कुणीतरी बाहेर यायचं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता हा मला शोधणार. तुला ठाऊकच नाही बाहेर बसणं काय असतं ते." तिने दाराची चौकट घट्ट धरली. "आणि आता कुणी सांगितलेलं नसताना तू पुन्हा आत जाणार. मला पुन्हा बाहेर बसवणार. आत्याने जे सांगितलं त्याला मी हो म्हटलं, कारण मला वाटलं, लग्नाचं निमित्त झालं तर तू हे पुढे ढकलशील."

सुविधा पायरीवर बसली. हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. मुलगी परीक्षेला जाते, कामाला जाते, हसते, म्हणजे तिचं सगळं मागे पडलं असं ती धरून चालली होती.

"बस इथे," ती म्हणाली.

ऋतिका बसली.

"त्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं. गाठ होती, काढायलाच हवी होती. मी गेले, कारण न जाऊन चालणार नव्हतं. तुला जशी भीती, तशीच मलाही होती. ह्या वेळी मी स्वतः ठरवून चाललेय. एवढं सगळं माझं गेलं. त्यातलं थोडं मी परत घेऊ शकते, आणि तेही माझ्याच अंगातून. मला ते हवंय, ऋतू. लग्न झालं की तुझं बाळंतपण येईल, मग बाबांचं काही, मग आजीचं. पुढे ढकलायला कारणं मला आयुष्यभर पुरतील."

"आणि काही झालं तर?"

"तर ते मी निवडलेलं असेल." थोडं थांबून ती म्हणाली, "तुला बाहेर बसायचं नसेल तर नको बसूस. घरी थांब. मी रागावणार नाही."

"असं बोलू नकोस," ऋतिका म्हणाली. तिने डोळे पुसले. "त्यांना सांगणार आहेस? प्रज्योतच्या आईला?"

"तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. तुझं लग्न खोट्यावर उभं करून मी इस्पितळात झोपू शकत नाही."

*

गौरेशला सकाळपासून घरात काहीतरी शिजतंय हे कळत होतं, आणि ते काय आहे हेही. सुविधाने, त्याच्या बायकोने, त्याला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला होता. त्यानंतर त्या विषयावर त्याने एक शब्द काढला नव्हता. साखळीतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला खिळे मोजून देताना मध्येच त्याची गणती चुकायची.

दुपारी जानकीबाई आणि त्यांचे यजमान गोकुळदास आले. पाया पडले, तीर्थ घेतलं, माटोळीतली रानफळं ओळखून झाली. मालतीने गोड नेवऱ्यांच्या बश्या पुढे केल्या आणि बोलणं चोपड्याच्या पुलावरची रहदारी, शापोरा नदीतले शिंपले, प्रज्योतची नोकरी अशा बिनधोक वाटांवरून हाकत ठेवलं. गौरेश खुर्चीवर अवघडून बसला होता.

सुविधा चहा घेऊन आली तेव्हा जानकीबाईंनी सहज विचारलं, "तब्येत बरी मगो आता? मालती सांगी होती, गाठीचा कायतरी झाला होता."

"साधी—" मालती म्हणाली.

"कॅन्सर होता," सुविधा म्हणाली.

तिने ट्रे मेजावर ठेवला आणि समोर बसली. मैदानात नवा डाव समजावून सांगावा तशी सावकाश, एकेक गोष्ट सांगत गेली. दोन वर्षांपूर्वी छाती काढली. केमो झाला, शेक झाला. आता तपासण्या चांगल्या आहेत, गोळी चालू आहे. पुढच्या महिन्यात पोटाचा भाग घेऊन छाती पुन्हा घडवणार आहेत. काही आठवडे वाकून चालावं लागेल.

गोकुळदास उठले आणि गणपतीकडे तोंड करून उभे राहिले. बायकांचं बोलणं ऐकू येत नाही असं दाखवायला पुरुषमाणूस एवढंच करू शकतो.

जानकीबाईंनी कप खाली ठेवला. "रक्तातला असता म्हणतत ता?"

"कधी कधी असतं. माझी रक्ताची तपासणी केली, त्यात तसं काही निघालं नाही. तरी ऋतिकाने इतर मुलींपेक्षा लवकर तपासण्या सुरू कराव्यात असं डॉक्टर म्हणाल्या. तेही सांगून टाकते. मागाहून तुम्हाला दुसरीकडून कळायला नको."

  गौरेशला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं. तो घरचा यजमान होता, नवरा होता, बाप होता. तीनपैकी कुठल्या नात्याने बोलावं ते त्याला ठरवता आलं नाही.

जानकीबाई उठल्या. "एवढा उघड्यार कोणी बोलणा नाय," त्या म्हणाल्या. त्या चांगलं म्हणत होत्या की वाईट, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. "प्रज्योतक विचारूक व्हया. आमका थोडो वेळ द्या." प्रसाद पदरात बांधून घेतला आणि दोघं गेली.

मालतीने पाठमोऱ्या गाडीकडे पाहिलं आणि मग आत वळून दारातच बसकण मारली. "घातलस सगळ्यार पाणी! वर्षभर मी त्या माणसांका धरून ठेवलंय. आणि तू, आपल्या हौशीपायी, पोरीचा—"

"मालू." गंगाबाई पहिल्यांदाच बोलल्या. भिंतीला टेकून त्या सगळं ऐकत होत्या. "हौस म्हणू नको."

"मगे काय म्हणू? तुका पटता ह्या?"

"माका पटणा नाय," गंगाबाई स्पष्ट म्हणाल्या. सुविधाकडे बघून म्हणाल्या, "माका भय दिसता. धडधाकट अंगाक सुरी लावची न्हय, असाच आमी शिकलंव. पण अंग तुजा. भोगलस तू. तुका अडवूक माज्याकडे तोंड नाय. मालू, तू पण आता पुरे कर."

मालती रडत आत निघून गेली.

दिवेलागणीला सुविधा तुळशीकडे दिवा लावायला आली तेव्हा गौरेश तिथेच उभा होता.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत," ती म्हणाली.

"काय बोलू?" त्याने मान खाली घातली. "तू जशी आहेस तशी मला चालतेस, सुविधा. कधी मी काही म्हटलं? कधी तोंड फिरवलं?"

"नाही. कधीच नाही." तिने वात सारखी केली. "पण मला चालत नाही."

त्याने वाऱ्याआड दिव्याला हात धरला.

"तुमच्यासाठी करत असते तर तुम्ही 'नको' म्हटल्यावर थांबले असते. थांबायला बरं वाटलं असतं. पण हे माझ्यासाठी आहे. तुम्ही सोबत यावं असं मला वाटतं. नाही आलात तरी मी जाईन."

"येणार तर," गौरेश म्हणाला. "येणार नाही असं कोण म्हणालं? भीती वाटते एवढंच. ती सांगायची लाज वाटत होती."

*

शस्त्रक्रियेच्या सकाळी पणजीच्या इस्पितळात डॉ. केरकरांनी सुविधाला उभं करून तिच्या अंगावर जांभळ्या पेनाने रेघा आखल्या. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत होडीसारखा आकार. पोटातल्या रक्तवाहिन्या कुठून वर येतात त्याचं स्कॅन आधीच झालं होतं, त्या जागांवर फुल्या.

"दोन बाळंतपणांचं आहे," सुविधा आपल्या पोटाकडे बघत म्हणाली. "एक ऋतिकाचं. एक राहिलं नाही, त्याचं. सगळे म्हणायचे, हे पोट कमी कर."

"बरं झालं केलं नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

ऋतिका बाहेर बसली. घरी राहिली नाही. दार उघडलं की तिचा हात बाबांच्या हातावर घट्ट व्हायचा, आणि गौरेश म्हणायचा, "आपल्यासाठी नाही, दुसऱ्यासाठी." सकाळी आत नेलेली सुविधा संध्याकाळी बाहेर आली. सगळं नीट झालं होतं. डॉक्टरांनी मास्क काढून तसं सांगितलं तेव्हा ऋतिका भिंतीकडे तोंड करून लहान पोरीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नर्सने नव्या छातीवर रक्ताचा प्रवाह ऐकायचं पेनासारखं यंत्र ठेवलं आणि भुवया जवळ आणल्या. रात्रभर त्यातून शूऽ शूऽ असा आवाज स्पष्ट येत होता. आता तो क्षीण झाला होता. कातडी फुगली होती, आणि तिच्यावर निळसर झाक चढत होती. तिने फोन केला. डॉ. केरकर पाच-सात मिनिटांत आल्या, बोटाने दाबून पाहिलं, आणि सरळ बोलल्या.

"रक्त आत जातंय, पण बाहेर पडत नाहीये. परतीच्या शिरेत गुठळी झाली असावी. असं कधी कधी होतं, कुणाची चूक नसते. लगेच आत न्यायला हवं. शीर उघडून गुठळी काढू, पुन्हा जोडू. बहुतेक वेळा वाचतं. वाचलं नाही तर सगळंच काढून जखम बंद करावी लागेल. तुम्हाला पुन्हा एवढं सोसायचं नसेल तर प्रयत्न न करता आत्ताच काढता येईल. ठरवायचं तुम्ही. पण वेळ कमी आहे."

सुविधा पडल्या पडल्या छताकडे बघत होती. नळ्या, सुया, कोरडा घसा. पोट आखडून गुडघ्यांखाली उशा. एवढ्या महिन्यांत जे तिला एकदाही वाटलं नव्हतं ते आता वाटलं. तिने गौरेशकडे मान वळवली.

"काढून टाकूया का हो?" ती म्हणाली. "पुरे झालं. तुम्हा सगळ्यांना उगाच..."

गौरेशने हीच गोष्ट किती वेळा मनातल्या मनात मागितली होती. कालच्या सकाळी, दार बंद होताना, शेवटची. हो म्हटलं की संपलं. बायको आज वाचते, उद्या घरी येते. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला दिसलं की ती हे त्याच्यासाठी बोलतेय.

तो वाकला. "तुला नको असेल तर काढू. तुला स्वतःला. मी भितो म्हणून काढू नकोस. ऋतिका बाहेर बसलीय म्हणून काढू नकोस. आम्ही बसू. आम्हाला बसायला काय होतं?" आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "अजून धुगधुगी आहे ना त्यात?"

"आहे."

सुविधाने डोळे मिटले, उघडले. "मग चला," ती म्हणाली. "घेऊन चला मला."

खाट ढकलत नेताना ऋतिका बाजूने धावत गेली, दारापर्यंत. या वेळी ती बसली नाहीच. दुपार होईपर्यंत ती त्या दारासमोर उभी होती, आणि दार उघडलं तेव्हा सगळ्यात आधी डॉ. केरकरांना तीच दिसली.

"वाचलं," डॉक्टर म्हणाल्या. "गुलाबी आहे."

*

सुविधा आमोण्याला परत आली ती मासे शोधणाऱ्या बगळ्यासारखी वाकून. पोटाची कातडी ताणून शिवलेली, त्यामुळे सरळ उभं राहता यायचं नाही. गंगाबाई म्हणाल्या, "आता तू माज्यापेक्षा म्हातारी दिसतस," आणि आपली काठी तिला देऊ लागल्या. सुविधा हसली, मग पोट धरून म्हणाली, "हसवू नका, आई, टाके दुखतात."

जानकीबाईंचा फोन आला तो गौरेशला. प्रज्योतचं म्हणणं काय ते ऋतिकाला आधीच माहीत होतं. इस्पितळात तो दोनदा येऊन बसून गेला होता. पण आईचं काय, हे कुणालाच कळलं नव्हतं. जानकीबाई जास्त बोलल्या नाहीत. "पोरीची आवस उभी रवली नाय तर साखरपुडो कसो करतले? सुविधा सरळ उभी रवाक लागली की सांगा. तेच्या फुडली तारीख धरूया."

आणि मालती आली. चवथीपासून ती सुविधाशी एक शब्द बोलली नव्हती, इस्पितळात फिरकली नव्हती. आता बॅग घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, "न्हाणी मी बघतंय. ऋतिका कामाक जाऊ दी."

सकाळी तिने पाणी तापवलं. सुविधाला स्टुलावर बसवलं, टाक्यांवर पाणी पडणार नाही असं प्लास्टिक लावलं, पाठ चोळली, केस धुतले. पूर्वीसारखीच सगळं नीट आणि न बोलता. मग टॉवेल घेऊन पुढे आली आणि तिने पहिल्यांदा पाहिलं.

डाव्या बाजूला पुन्हा छाती होती. बोंड नव्हतं. मधोमध पोटाच्या रंगाची, जराशी उजळ कातडी, भोवती लाल टाक्यांची रेघ. उजवीसारखी हुबेहूब नव्हती. पण अंगाला धरून होती, श्वासाबरोबर वरखाली होत होती.

"कळता काय थंय?" मालतीने विचारलं. "हात लावल्यार?"

"अजून नाही. बधिर आहे. पुढे थोडं कळेल, कदाचित. लावून बघा हवं तर."

मालतीने हात पुढे केला, पण लावला नाही. टॉवेल छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.  

"ताई?"

"माका पण आसा," मालती म्हणाली.

"काय आहे?"

"गाठ. हयसर." तिने स्वतःच्या उजव्या काखेजवळ बोट टेकवलं. "आंब्यांच्या दिवसांत लागली हाताक. घरात सांगूक नाय. आवशीक नाय. तुज्या पोटाची गोष्ट निघाली आणि माका वाटला, ह्या सगळा आता माज्या अंगार येता. तू गप बसलस, सगळा पुढे ढकलला, तर माका पण पुढे ढकलूक मिळता, असा वाटला माका." ती खाली बसली, ओल्या फरशीवर. "तुका हौस म्हटलंय मी."

सुविधाने काही विचारलं नाही. का सांगितलं नाहीत, इतके महिने काय केलंत, असलं काहीच नाही. भिंतीचा आधार घेऊन ती उठली. पोट ओढलं गेलं तशी थांबली, श्वास घेतला, मग ओला हात मालतीच्या खांद्यावर ठेवला.

"दुखते?"

"नाय."

"आत्ता किती वाजले? ऋतिका गेली?"

"नाय अजून. गाडी पुसता आसा."

"ऋतू!" सुविधाने न्हाणीतूनच हाक मारली. एवढ्या दिवसांत तिचा मैदानावरचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. "गाडी बाहेर काढ! कारखान्यात फोन कर, उशीर होईल म्हणून. आत्याला घेऊन पणजीला जायचंय!"

"आज?" मालती घाबरून म्हणाली. "आजच कशाक? आणि तू खंय येतस गो? तुका सरळ बसूक येणा नाय!"

"सरळ कुणी सांगितलंय?" सुविधा म्हणाली. "वाकून बसेन. तो ब्लाउज द्या इकडे, आणि तुम्ही साडी बदला."